लांब उडी: रनअपपासून वाळूपर्यंत कुठला स्नायू काय करतो आणि त्याप्रमाणे सराव कसा करायचा

लांब उडी शिकायला आलेल्या कुणालाही विचारा की बोर्डवर, म्हणजे वाळूच्या आधी जिथून उडी घेतात त्या पट्टीवर, पाय पडला की काय करायचं, बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "जोर लावून ढकलायचं". मीपण कितीतरी वर्षं हेच धरून चाललो होतो आणि माझी उडी एकाच आकड्यावर अडकून पडली होती. मग एक दिवस मित्राने मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये माझा टेकऑफ, म्हणजे बोर्डवरून उडी घेणं, शूट केला आणि आम्ही दोघं एकेक फ्रेम पुढे सरकवत बसलो. पाय बोर्डला लागला तिथपासून सुटेपर्यंत २९ फ्रेम, म्हणजे साधारण ०.१२ सेकंद, आणि त्यातल्या निम्म्या फ्रेम होईपर्यंत गुडघा सरळ व्हायला सुरुवातच झाली नव्हती, उलट तो वाकत होता, मांडीचा पुढचा स्नायू कातडीखाली दगडासारखा उभा राहिलेला दिसत होता आणि तरी गुडघा वाकतच होता.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की टेकऑफच्या पायाचं पहिलं काम ढकलायचं नाहीच, पहिलं काम तग धरायचं आहे. पळत आलेलं सगळं शरीर त्या एका पायावर आदळतं, तो पाय जितका कमी वाकेल तितका रनअपचा, म्हणजे पळत येण्याचा, वेग वरच्या दिशेला वळतो, आणि शेवटी जे ढकलणं होतं ते त्या ताणाचंच परत येणं असतं. हे एकदा नीट कळलं की रनअप कसा मोजायचा, शेवटची पावलं कशी टाकायची, जिममध्ये काय करायचं, सगळ्याचीच उत्तरं बदलतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, क्रमाने वाचा, मधलं गणित सोडू नका, ते अगदी सोपं आहे.

आधी थोडं गणित

पाय जमिनीवरून सुटला की तुमच्या गुरुत्वमध्याचा, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूचा, रस्ता ठरून गेलेला असतो. हवेत हात हलवा, पाय हलवा, काहीही करा, तो रस्ता बदलत नाही. तो ठरतो तीन गोष्टींवर: सुटताना पुढचा वेग किती, वरचा वेग किती आणि सुटताना गुरुत्वमध्य उतरण्याच्या वेळेपेक्षा किती उंच होता.

एक उदाहरण घेऊ. एक मुलगा सेकंदाला ८ मीटर वेगाने बोर्डवर येतो. टेकऑफमध्ये थोडा वेग जातोच, समजा सुटताना पुढचा वेग ७.२ आणि वरचा वेग २.७ आहे, आणि उतरताना गुरुत्वमध्य अर्धा मीटर खाली आहे. मग तो हवेत साधारण ०.७ सेकंद राहतो आणि तेवढ्यात ५ मीटर पुढे जातो. सुटताना शरीर बोर्डच्या थोडं पुढे गेलेलं असतं आणि उतरताना टाचा शरीराच्या पुढे असतात, ते दोन्ही धरलं तर उडी साडेपाच मीटरच्या आसपास.

आता त्याने वरचा वेग २.७ चा ३ केला आणि पुढचा वेग तसाच ठेवला तर ३५ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे भरपूर. पण उंच जायच्या नादात पुढचा वेग ७.२ चा ६.७ झाला तर? ३५ सेंटीमीटर सगळे गेले, उडी परत साडेपाच मीटरवर. हा हिशोब वहीत स्वतः करून बघा, कारण अख्खी लांब उडी या देवाणघेवाणीतच आहे. उंची कमवायची पण वेग फार न घालवता.

शाळेत शिकवलेलं असतं की ४५ अंशात फेकलेली वस्तू सगळ्यात लांब जाते. ते दगडाला ठीक आहे. इथे ४५ अंश पाहिजे असतील तर वरचा वेग पुढच्या वेगाइतकाच लागेल आणि तेवढा ०.१२ सेकंदात एका पायाने मिळवणं माणसाला शक्यच नाही, त्यासाठी रनअपच हळू करावा लागेल. म्हणून जगातले भारी जंपर साधारण १८ ते २२-२३ अंशातच सुटतात. १९९१ च्या टोकियोतल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल मिळाली तर जरूर बघा, माइक पॉवेलने ८.९५ मीटर मारली तीच, जो अजून जागतिक विक्रम आहे, आणि कार्ल लुईसने त्याच दिवशी ८.९१ मारली जी मागून येणाऱ्या वाऱ्याची मदत सेकंदाला २.९ मीटर असल्यामुळे विक्रमात धरता येत नव्हती कारण मर्यादा २.० ची आहे. लुईस सपाट आणि झपकन जातो, पॉवेल जरा उंच जातो. दोन वेगळी माणसं, दोन वेगळे कोन, पण बोर्डवर येतानाचा वेग दोघांचाही सेकंदाला ११ मीटरच्या घरात. वेग नसेल तर बाकी कशालाच अर्थ नाही.

रनअप

रनअपमध्ये सगळ्यात जास्त काम करतात ग्लुट म्हणजे नितंबाचे मोठे स्नायू आणि हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे. पाय मागे ओढून शरीर पुढे नेणारे हेच. मांडी पुढे उचलायचं काम इलिओसोआस करतो, कमरेच्या मणक्यापासून आणि खुब्याच्या हाडाच्या आतून मांडीच्या हाडापर्यंत येणारा खोल स्नायू. तो बाहेरून दिसत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण पुढे टेकऑफलाही तोच लागणार आहे.

हॅमस्ट्रिंगचं एक दुसरं काम समजून घ्या. पळताना पाय पुढे झेपावतो, नडगी पुढे फेकली जाते, आणि पाय जमिनीला लागायच्या आधी त्या नडगीला ब्रेक कोण लावतं? हॅमस्ट्रिंग. त्या क्षणी तो जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो आणि त्याच वेळी जोर लावत असतो. ताणला जात असतानाच जोर लावायचा, याला एक्सेंट्रिक काम म्हणतात, जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू करतो ना तसंच. पळणाऱ्यांचे हॅमस्ट्रिंग बहुतेक इथेच जातात, आणि त्यातही बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फिमोरिस जास्त.

आता रनअप मोजायचा कसा. आधी टेकऑफचा पाय ठरवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचा बऱ्याचदा डावा असतो पण ते गृहीत धरू नका, पाच-सहा पावलं पळून दोन्ही पायांनी चार-चार उड्या मारा, ज्या पायावर आत्मविश्वास वाटतो तो तुमचा. नवीन माणसाने १० ते १२ पावलांचा रनअप घ्यावा. मोठे खेळाडू १८ ते २२ पावलं घेतात कारण त्यांना टॉप स्पीडला पोचायला तेवढं अंतर लागतं आणि त्या वेगात टेकऑफ करायची ताकदही त्यांच्याकडे असते. तुम्ही २० पावलं पळून दमत दमत बोर्डवर आलात तर काय उपयोग.

मोजायची पद्धत अशी. पिटकडे म्हणजे वाळूच्या खड्ड्याकडे जाऊच नका, मोकळ्या ट्रॅकवर एक रेष मारा, तिथून ठरलेली पावलं जोरात पळा, शेवटचं पाऊल कुठे पडलं तिथे मित्राला खूण करायला सांगा. सहा वेळा करा, मध्ये पूर्ण विश्रांती घेऊन. सहा खुणांचं सरासरी अंतर टेपने मोजा आणि तेच अंतर बोर्डपासून मागे मोजून तुमचा स्टार्ट मार्क ठेवा. सुरुवात रोज एकसारखीच करा, उभं राहून की चालत येऊन ते एकदाच ठरवा, कारण खुणा इकडेतिकडे होतात त्या जास्त करून पहिल्या दोन पावलांमुळे. वारा समोरून असेल तर मार्क थोडा पुढे घ्यावा लागतो, मागून असेल तर मागे.

माझ्याकडे सरावाला येणारी एक मुलगी होती, पळायला एकदम भारी, पण बोर्डच्या आधी चार-पाच पावलं टकटक टकटक छोटी करायची आणि मग उडी म्हणजे नुसतं पुढे पडणं. तिला मी आठवडाभर सांगत राहिलो की पावलं लांब टाक, काही फरक पडेना. मग एकदा बोर्डवर टॉवेल झाकून टाकला आणि सांगितलं, आज बोर्ड नाहीच, पळ आणि कुठूनही उडी मार. पहिल्याच उडीला पावलं मोकळी पडली, आणि तिचा पाय कुठे पडला बघितलं तर टॉवेलच्या पुढे फूटभर. म्हणजे तिचा मार्कच फूटभर जवळ होता, आणि डोळ्याला ते चार पावलं आधी कळत होतं म्हणून पाय आपोआप छोटे होत होते. डोळे शेवटच्या काही पावलात पायांना सांगतच असतात, हे सगळ्यांचं होतं, मोठ्या खेळाडूंचंही होतं, फक्त त्यांचा फरक थोडा असतो. मार्क मागे घेतला, टकटक गेली. त्यामुळे बोर्डआधी पावलं बिघडत असतील तर आधी टेप काढा, तंत्राचं नंतर बघू.

शेवटची दोन पावलं

इथे बऱ्याच जणांची उडी बनते किंवा जाते. शेवटून दुसरं पाऊल जरा लांब आणि सपाट पडतं, शेवटचं जरा छोटं आणि झटपट. या लांब पावलात गुरुत्वमध्य थोडा खाली येतो, पाच ते दहा सेंटीमीटर, त्याहून जास्त नको. खाली का यायचं? कारण बोर्डवर वरचा वेग मिळवायला खालून वर असं अंतर लागतं, शरीर आधीच उंच असेल तर वर जायला जागाच उरत नाही.

शेवटून दुसऱ्या पावलात पाय पूर्ण तळव्यावर पडायला हवा, चवड्यावर नाही. गुडघा वाकतो, नडगी पायाच्या पुढे सरकते, क्वाड्रिसेप्स म्हणजे मांडीच्या पुढचे चार स्नायू ताणले जात जात वजन धरतात, पोटरीच्या आतला सोलियस घोटा सांभाळतो, आणि मग तो पाय शरीराला वर न उचलता पुढेच ढकलतो. लक्षात घ्या, वर न उचलता. इथेच वर उठलात तर शेवटच्या पावलाला तुम्ही वरून खाली पडत बोर्डवर याल आणि बिचाऱ्या टेकऑफच्या पायाला आधी ते पडणं थांबवावं लागेल आणि मग वर न्यावं लागेल.

मुलांना "खाली बस" असं सांगू नका. सांगितलं की ती खरंच बसतात, वेग जातो. "सपाट, मग झटकन" एवढंच सांगा, किंवा आवाजाने शिकवा, शेवटच्या दोन पावलांचा आवाज टाऽप-टप असा यायला हवा, दोन्हीत सारखं अंतर ऐकू आलं तर लय चुकली. मी डोळे मिटून उभा राहून नुसता आवाज ऐकतो, बरंच कळतं.

बोर्डवरचे ०.१२ सेकंद

आता मुख्य भाग. टेकऑफचा पाय गुरुत्वमध्याच्या ३०-४० सेंटीमीटर पुढे पडतो, जवळजवळ सरळ, गुडघ्यात अगदी थोडा वाक, धड किंचित मागे किंवा ताठ. या पायावरून शरीर असं वर जातं जसं काठी पुढे टेकवून ओढा ओलांडताना माणूस काठीच्या टोकाभोवती वर्तुळात वर उचलला जातो. काठी ताठ असेल तर वर जाल, वाकली तर मध्येच पाण्यात. उड्डाणाचा वरचा वेग निम्म्याहून जास्त या काठीच्या क्रियेतूनच येतो, गुडघा सरळ व्हायच्या आधीच. माझ्या व्हिडिओत तेच दिसत होतं.

जोर किती येतो ते बघा. वरच्या उदाहरणातला मुलगा ६० किलोचा धरा. ०.१२ सेकंदात वरचा वेग शून्यावरून २.७ करायचा म्हणजे सरासरी त्याच्या पायावर वजनाच्या सव्वातीनपट जोर, म्हणजे जवळजवळ २०० किलो, एका पायावर. आणि ही सरासरी आहे, पाय आदळतानाचा पहिला झटका याच्या कितीतरी पट मोठा असतो, अगदी थोड्या क्षणासाठी. म्हणून म्हणतो की हा पाय आधी तग धरणारा पाहिजे.

कोण काय करतं ते क्रमाने. पाय पडायच्या आधीच, हवेत असतानाच, क्वाड्रिसेप्स, हॅमस्ट्रिंग, ग्लुट आणि पोटरी घट्ट झालेले असतात. हे फार महत्त्वाचं, कारण पाय लागल्यावर घट्ट करू म्हणाल तर उशीर झाला, स्नायूला जोर चढायलाच वेळ लागतो आणि तोवर निम्मा टेकऑफ संपलेला असतो. पाय लागला की गुडघा साधारण १७० अंशावरून १४०-१४५ पर्यंत वाकतो आणि क्वाड्रिसेप्स त्याला अडवत ताणले जातात. त्याच वेळी खुब्याचा सांधा मात्र वाकत नाही, तो उघडत जातो, ग्लुट मॅक्सिमस आणि हॅमस्ट्रिंग मांडीला मागे ओढतात. ज्यांचे ग्लुट कमजोर त्यांचं धड टेकऑफला पुढे कोसळतं, कमरेत घडी पडते, फोटोत लगेच दिसतं. बाजूचा ग्लुट मिडियस हा छोटा पण फार कामाचा, एका पायावर असताना दुसऱ्या बाजूचं कंबरेचं हाड खाली पडू देत नाही. तो कमी पडला की गुडघा आत पडतो, आणि गुडघा आत पडणं म्हणजे जोरही गेला आणि दुखापतीलाही आमंत्रण.

घोट्यात नडगी पायाच्या वरून पुढे जाते तशी पोटरी ताणली जाते आणि टाचेची शीर (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), अकिलिस, रबरासारखी ताणून घेते. शरीरातली सगळ्यात जाड आणि मजबूत शीर ती हीच. मग शेवटच्या ०.०४-०.०५ सेकंदात सगळं परत सुटतं, गुडघा सरळ, खुबा सरळ, आणि शेवटी घोटा. ताणून लगेच सोडलेला स्नायू नुसत्या आखडलेल्या स्नायूपेक्षा जास्त जोर देतो, पण "लगेच" हा शब्द महत्त्वाचा, मध्ये थांबलात, गुडघा जास्त खोल गेला, की तो फायदा हातचा गेला.

पाय कसा टाकायचा तर जवळजवळ पूर्ण तळवा एकदम, टाच अगदी किंचित आधी चालेल. टाच जोरात ठोकली तर ब्रेक लागतो आणि टाच सुजते, चवड्यावर आलात तर घोटा आणि गुडघा दोन्ही कोसळतात. पाय वरून खाली-मागे असा पडला पाहिजे, जणू बोर्डला पंजाने मागे ओढताय. पुढे लांब फेकून दाबायचा नाही.

आणि दुसरा पाय, हात, यांना विसरू नका. मोकळ्या पायाची मांडी गुडघ्यात घट्ट वाकवून झपकन जमिनीला समांतर येते आणि तिथे थांबते. हे इलिओसोआस आणि रेक्टस फिमोरिसचं (मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी एक) काम. हात तसेच, खांद्याचे डेल्टॉइड त्यांना वर नेतात आणि कोपर खांद्याच्या पातळीला आला की अडवतात. वर जाताना हे अवयव टेकऑफच्या पायावर दाब वाढवतात आणि थांबतात तेव्हा त्यांचा वेग धडाला देतात, शिवाय ते उंच असल्यामुळे गुरुत्वमध्यच काही सेंटीमीटर वर असतो. फुकटची उंची आहे ही. मांडी थांबवली नाही, नुसती भिरकावली, तर धड मागे जातं.

डोळे समोर, पिटच्या पलीकडे. बोर्डकडे बघितलं की मान खाली, मान खाली की पाठ गोल, पाठ गोल की काठी वाकली.

नियमाचं एवढंच सांगतो, बोर्ड २० सेंटीमीटर रुंद असतो, पिटकडची कड म्हणजे टेकऑफची रेषा, आणि पाय सुटेपर्यंत बुटाचा कुठलाही भाग त्या रेषेच्या उभ्या पातळीपुढे गेला की फाउल. मोजणी मात्र रेषेपासूनच होते, त्यामुळे रेषेच्या १५ सेंटीमीटर मागून उडालात तर ते १५ सेंटीमीटर तुमचेच गेले.

हवेत

इथे फार वेळ घालवू नका असं माझं मत आहे, लोक सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतात कारण फोटोत छान दिसतं. बोर्डवर पायाला ब्रेक लागतो आणि वरचं शरीर पुढे जातं म्हणून हवेत शरीर पुढे कलंडायला लागतं. हवेतल्या हालचाली या कलंडण्याचा बंदोबस्त करायला असतात, अंतर वाढवायला नाही. हँगमध्ये शरीर लांब ताणतात म्हणून फिरणं मंदावतं. हिचकिकमध्ये हातपाय चालत्यासारखे गोल फिरवतात, फिरायचा झोत हातपाय घेतात आणि धड ताठ राहतं. सहा मीटरच्या आतल्या मुलांना हिचकिकला वेळच पुरत नाही, त्यांनी टेकऑफची पोझ हवेत जितकी जास्त टिकवता येईल तितकी टिकवावी आणि मग दोन्ही पाय पुढे आणावेत. साधा हँग जमला की पुष्कळ झालं.

वाळू

उतरण्यात २०-३० सेंटीमीटर सहज दडलेले असतात आणि ते मिळवायला वेगही लागत नाही, म्हणून नवीन माणसाने पहिल्या महिन्यात इथे मेहनत घ्यावी. पाय पुढे आणणं हे पोटाचे स्नायू आणि इलिओसोआसचं काम. गुडघे छातीकडे, मग नडग्या पुढे सरळ, हात वरून पुढे-खाली असे पायांच्या बाजूने मागे. हात आणि धड खाली आलं की त्याची प्रतिक्रिया म्हणून पाय वर उचलले जातात. पण हे लवकर केलं तर पाय परत खाली लोंबकळतात, उशीर केला तर पाय लांब व्हायच्या आधीच वाळू येते. हॅमस्ट्रिंग आखडलेले असतील तर पाय पुढे सरळ होणारच नाहीत, कितीही ओरडा.

टाचा वाळूत शिरल्या की लगेच गुडघे सोडा. क्वाड्रिसेप्स हळू हळू ताणले जात धक्का पितात आणि हॅमस्ट्रिंग कंबरेला टाचांकडे पुढे ओढतात, हात मागून पुढे फेका, आणि कंबर टाचांच्या खड्ड्यावरून किंवा त्याच्या बाजूने पुढे जाऊ द्या. मोजणी वाळूतल्या बोर्डला सगळ्यात जवळच्या खुणेपर्यंत होते, मागे हात टेकला की तो हातच मोजला जातो.

प्रत्येक उडीनंतर वळून वाळू बघायची सवय लावा. दोन टाचांचे खड्डे शेजारी आणि त्यांच्या पुढेच सगळी गडबड, म्हणजे छान उतरलात. टाचांच्या मागे बुडाचा मोठा खड्डा, म्हणजे पाय जास्त लांब टाकले पण कंबर पोचली नाही. एक खड्डा पुढे एक मागे, म्हणजे हवेत कंबर फिरली, आणि त्याचं कारण बहुतेक बोर्डवर पाय मध्यरेषेच्या आडवा पडला हे असतं.

सराव कसा बसवायचा

आठवड्यात दोन दिवस उड्या, त्यातही पूर्ण रनअपच्या मी एका वेळी सहा-आठच मारायला देतो, बाकी पाच-सात पावलांच्या रनअपच्या. छोट्या रनअपवर टेकऑफ शिका, शेवटची दोन पावलं शिका, आणि जमलं की दोन-दोन पावलं वाढवा. वेगाचा सराव वेगळा, ३०-४० मीटरचे पूर्ण जोराचे स्प्रिंट, मध्ये तीन-चार मिनिटं विश्रांती. दमलेलं असताना वेग येत नाही.

ताकदीसाठी पहिलं काम एक्सेंट्रिक. पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच जमिनीला टेकेपर्यंत चार सेकंद मोजत खाली या, आणि आरशात बघा गुडघा आत पडतोय का, पडत असेल तर पायरी लहान करा. नॉर्डिक करा, गुडघ्यांवर बसून मित्राने घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून हळू पुढे झुकत जायचं, हात टेकेपर्यंत हॅमस्ट्रिंगने अडवायचं. आठवड्यात दोन वेळा, सुरुवातीला दोन सेटमध्ये चार-पाचच, कारण पहिल्यांदा केल्यावर दोन दिवस बसता उठता कळतं. पोटरीसाठी एका पायावर टाच उचलणं, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून दोन्ही, कारण वाकवला की सोलियसवर काम येतं. ग्लुटसाठी एका पायाचा ब्रिज (पाठीवर झोपून एका पायाच्या जोरावर कंबर उचलणं) आणि साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर शरीर ताठ उचलून धरणं).

हे सगळं सहा-आठ आठवडे झालं की मग उडीचे व्यायाम, २०-३० सेंटीमीटरच्या खोक्यावरून खाली उतरून लगेच वर, जमिनीवरचा वेळ जितका कमी तितकं चांगलं. नंतर बाउंडिंग, म्हणजे एका पायावरून दुसऱ्यावर लांब झेपा घेत जाणं. उलटा क्रम करू नका, तग धरायची ताकद नसलेल्या पायाला खोक्यावरून उड्या मारायला लावल्या की गुडघ्याच्या वाटीखालची शीर दुखायला लागते आणि ते दुखणं महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही, मी स्वतः एक अख्खा सीझन त्यात घालवलाय. वाटीखाली सकाळी उठल्यावर दुखत असेल तर त्या दिवशी उड्या बंद, हळू उतरायचा व्यायाम चालू. पळताना मांडीच्या मागे एकदम चमक आली तर तिथेच थांबायचं, "एक शेवटची मारतो" करायचं नाही, आणि डॉक्टरला किंवा फिजिओला दाखवायचं.

व्हिडिओ आठवड्यातून एकदा काढा, बोर्डच्या बरोबर बाजूला, कमरेच्या उंचीला फोन धरून, फोन फिरवायचा नाही. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत टेकऑफच्या तीन-चारच फ्रेम मिळतात, त्यात काही कळत नाही, २४० वर काढा. तीनच फ्रेम बघा. पाय लागला ती: कंबर पायाच्या मागे आहे ना, तळवा सपाट आहे ना. गुडघा सगळ्यात जास्त वाकला ती: धड ताठ आहे ना, गुडघा पायाच्या रेषेत आहे ना, हे दुसरं मात्र समोरून काढलेल्या व्हिडिओत दिसतं म्हणून तोही एक काढा. आणि पाय सुटला ती: टेकऑफचा पाय मागे पूर्ण सरळ, मोकळी मांडी समांतर, नजर समोर. या तीन फ्रेमचे स्क्रीनशॉट तारीख टाकून एका फोल्डरमध्ये ठेवत जा आणि दर महिन्याला मधली फ्रेम शेजारी शेजारी ठेवून गुडघ्याचा वाक बघा. आधी १३० अंशापर्यंत खाली जाणारा गुडघा १४० वर अडायला लागला असेल आणि रनअपचा वेग तोच असेल, तर समजा पाय तग धरायला शिकतोय, आता रनअपमध्ये दोन पावलं वाढवायला हरकत नाही.